प्लेटमागचं हाड

प्रश्न: धाकट्या भावाच्या नडगीला दिवाळीनंतर प्लेट टाकली. तीन महिन्यांच्या एक्स-रेत नव्या हाडाचा गोळा कुठंच दिसत नाही. शेजाऱ्याच्या नडगीत रॉड आहे, त्याच्या फिल्मवर गोळा चांगला ठसठशीत आहे. भावाचा यंदाचा ऊसतोडीचा हंगाम तर गेलाच. हाड जुळत नाही का? (वडवणी, जि. बीड)

उत्तर: दोन फिल्मा उजेडाला धरून तुलना करायची हौस गावोगाव आहे, माझ्या ओपीडीबाहेरच्या बाकड्यावर रोज चालते. पण रॉड हाडाच्या पोकळीत असतो. पाय टेकला की मोडल्या जागी किंचित हालचाल होते आणि तिच्यामुळंच बाहेरून नवं हाड साठतं. तो गोळा म्हणजे कॅलस. प्लेटनं दोन टोकं घट्ट आवळली असतील तर हाड थेट सांधतं, गोळा येतच नाही. उलट अशा प्लेटीपाशी गोळा दिसायला लागला, तर स्क्रू ढिले झाले की काय, अशी शंका मला येते. हाडाचा चुरा झाला असेल आणि त्यावरून पुलासारखी लांब प्लेट टाकली असेल, तर मात्र कॅलस यायलाच हवा. भावाची प्लेट यातली कोणती, हे ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा.

शिवाय किरण धातूत अडतात, त्यामुळं प्लेटीच्या सावलीत काय चाललंय ते दिसत नाही. म्हणून समोरून आणि बाजूनं अशा दोन फिल्मा लागतातच. आम्ही हाडाच्या चार कडा बघतो: पुढची, मागची, आतली, बाहेरची. तीन कडा सांधलेल्या दिसल्या की बहुतेक वेळा हाड जुळलं असं धरतो. मागं एका पेशंटच्या दोन्ही फिल्मा स्वच्छ होत्या, पण पाय टेकला की तो कळवळायचा. पाय थोडा वळवून तिरकी फिल्म काढली, तर तिसऱ्या आणि चौथ्या स्क्रूच्या मध्ये केसाएवढी काळी रेघ, म्हणजे तिथं हाड सांधलंच नव्हतं! भावाला पाय टेकल्यावर दुखतं का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. मला फिल्मइतकंच ते महत्त्वाचं वाटतं.

प्रश्न: 1993 च्या भूकंपात आईची मांडी मोडली होती, तेव्हाचा रॉड अजून आत आहे. कागद एकही उरला नाही. आता कंबरेच्या मणक्याचा एमआरआय सांगितलाय. रॉड ओढला जाईल का? (औसा)

उत्तर: हाडात बसवायचं स्टील घरातल्या लोखंडासारखं चुंबकाला चिकटत नाही, आणि एवढ्या वर्षांत रॉड हाडात पक्का रुतलेला असतो. तो उपसून येत नाही. धातूभोवतीचं चित्र काळं पडतं, वेडंवाकडं होतं. पण ते तेवढ्याच जागी. मांडीतल्या रॉडनं कंबरेचे मणके झाकले जात नाहीत. तरी मशीनवाल्यांना आधी सांगाच आणि मांडीचा साधा एक्स-रे सोबत न्या. कागद नसला की आत काय आहे ते त्यावरूनच कळतं, आणि एमआरआय करायचा की नाही हे रेडिओलॉजिस्ट ठरवतात. आत काही गरम लागलं तर आईंनी लगेच सांगावं. पेसमेकर असेल तर गोष्ट वेगळी, ते आधी विचारून घ्या.

प्रश्न: स्टीलची प्लेट घ्यावी की टायटॅनियमची? (जालना)

उत्तर: तुमच्या गावच्या सळईशी या स्टीलचा संबंध नाही, यात क्रोमियम, निकेल, मॉलिब्डेनम असतं. टायटॅनियम वजनाला स्टीलच्या जवळपास निम्मं, सीटी-एमआरआयमध्ये चित्र कमी बिघडवतं, आणि निकेलची ॲलर्जी असलेल्यांना तेच बरं. पण पुढं काढायची वेळ आली तर त्याचे लॉकिंग स्क्रू (प्लेटीच्याच आट्यांत आवळून बसणारे) कधी कधी असे जाम बसतात की सर्जनला घाम फुटतो. नडगीच्या साध्या फ्रॅक्चरला कर्ज काढून टायटॅनियम घेऊ नका.

प्रश्न: हाड जुळलं का बघायला सीटी केला, तर प्लेटीभोवती नुसते पांढरे-काळे पट्टे! पैसे वाया गेले का? (परभणी)

उत्तर: नाहीत. धातूतून पलीकडं किरणच पोचत नाहीत, मग काँप्युटर तिथं पट्टे ओढतो. स्टीलला जास्त, टायटॅनियमला कमी. आत धातू आहे हे आधी सांगितलं की टेक्निशियन किरणांची ताकद वाढवतात, बारीक काप घेतात. बऱ्याच मशीनवर पट्टे पुसायचं सॉफ्टवेअरही असतं, पण ते धातूच्या कडेला कधी कधी खोटी फट दाखवतं. म्हणून मी पुसलेलं आणि न पुसलेलं, दोन्ही चित्रं मागून घेतो. तुमच्या सीडीत मूळ कच्ची चित्रं आहेत का ते बघा आणि ती सीडी घेऊनच डॉक्टरांकडं जा. नुसत्या रिपोर्टच्या कागदावर भागत नाही.