विमानात लहानग्यांचे कान

प्रश्न : मोपाहून दिल्लीला जाताना चार वर्षांच्या मुलीसाठी कोणता हेडफोन घ्यावा? आधीचा तिने दहा मिनिटांत काढून फेकला.
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : फेकण्याचे कारण बहुधा पट्टीचा दाब असावे, म्हणून दुकानातच तो तिला थोडा वेळ घालून पाहावा आणि काढल्यावर कानामागे लाल वळ दिसला, तर तो कितीही गोंडस असला तरी घेऊ नये. कानाभोवती बसणारी मऊ गादी असावी, कारण ती इंजिनाची घरघर काहीशी अडवते आणि आवाज वाढवावा लागत नाही. वेष्टनावरील ८५ डेसिबलच्या मर्यादेवर विसंबू नये. जागतिक आरोग्य संघटना मुलांसाठी आठवड्याला ४० तास ७५ डेसिबल एवढीच मर्यादा सुचवते. विमान उतरताना तिला घोट घोट पाणी पाजावे, म्हणजे कानाचे दडे सुटतात.