बजेटात रस्ता आला, गल्लीत का नाही आला?

नाशिक महापालिकेचं अंदाजपत्रक आणि आपल्या गल्लीतली कामं यांचा मेळ कसा बसतो, याबद्दल वाचकांचे बरेच प्रश्न आले. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देतो आहे.

प्रश्न : आमच्या कॉलनीचा रस्ता 'बजेटमध्ये धरला आहे' असं माजी नगरसेवक आणि विभागीय कार्यालयातले उपअभियंता, दोघांनीही बैठकीत सांगितलं होतं. त्याला वर्ष उलटून गेलं. साधी खडीही पडलेली नाही. आम्हाला फसवलं का? (जेलरोड, नाशिकरोड)

फसवलं असेलच असं नाही, पण अर्धंच सांगितलं. अंदाजपत्रकात कामाचं नाव आलं म्हणजे त्याचं लेखाशीर्ष (त्या खर्चाचं खातं, बोलीभाषेत 'हेड') उघडलं गेलं, एवढंच. त्यापुढे रक्कम किती टाकली ते कुणी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. पन्नास लाखांच्या रस्त्यापुढे एक लाख लिहिलेले असतात. याला नाममात्र तरतूद म्हणतात. हेड जिवंत ठेवायचं आणि वर्षात कुठून पैसे वळवता आले तर बघायचं, असा तो हिशोब. यात बेकायदा काही नाही. पण बैठकीत टाळ्या याच कामांना पडतात.

पूर्ण तरतूद असली तरी पुढे मोठी रांग आहे. कनिष्ठ अभियंत्याने मोजमाप घेऊन प्राकलन (खर्चाचा अंदाज) करायचं, मग तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मान्यता, निविदा, ठराविक रकमेच्या वर असेल तर स्थायी समितीची मान्यता, आणि शेवटी कार्यारंभ आदेश. हा आदेश ठेकेदाराच्या हातात पडेपर्यंत काम 'मंजूर' आहे असं मी तरी म्हणणार नाही.

खरी गोम दायित्वात आहे. मागच्या वर्षांत आदेश दिलेल्या, चालू असलेल्या किंवा संपूनही बिल न निघालेल्या कामांचा जो बोजा असतो, त्याला दायित्व म्हणतात. नव्या वर्षाची जमा आधी तिकडे जाते. एखाद्या वर्षी उत्साहाच्या भरात भरमसाट कामं मंजूर झाली की पुढची दोन-तीन वर्षं नव्या कामांच्या फायली लेखा विभागात 'निधी उपलब्धते'च्या शेऱ्यावर अडकतात. तुमच्या रस्त्याचं बहुधा हेच झालं असावं.

म्हणून पुढच्या वेळी 'रस्ता कधी होणार' असं विचारू नका, त्याला 'लवकरच' हे उत्तर तयार असतं. लेखाशीर्ष कोणतं, या वर्षीची तरतूद किती, निधी उपलब्धतेचा दाखला मिळाला का आणि फाइल आज कोणाच्या टेबलावर आहे, हे विचारा. ही उत्तरं लेखी मागा, पत्राच्या प्रतीवर आवक क्रमांक घ्या.

आणखी एक. मागणी द्यायची तर दिवाळीच्या आगेमागे द्या. आयुक्त अंदाजपत्रक मांडतात तेव्हा विभागांच्या याद्या केव्हाच वर गेलेल्या असतात. फेब्रुवारीत निवेदन दिलं की फोटो छापून येतो आणि काम पुढच्या वर्षाच्या यादीत जातं.

प्रश्न : मधली चार वर्षं नगरसेवक नव्हते, तेव्हा बजेट कोण मंजूर करत होतं? आणि आता एका प्रभागात चार नगरसेवक आहेत, आमच्या गल्लीचा कोणता? (पाथर्डी फाटा)

मार्च 2022 मध्ये आधीच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत प्रशासक होते. एरवी आयुक्त अंदाजपत्रक सोळा सदस्यांच्या स्थायी समितीपुढे ठेवतात, समिती त्यात भर घालून ते सर्व नगरसेवकांच्या महासभेकडे पाठवते आणि महासभा अंतिम मंजुरी देते. प्रशासकाच्या काळात समिती आणि महासभा या दोन्हींचे अधिकार एकाच खुर्चीत असतात. मांडणारा तोच आणि मंजूर करणाराही तोच. काहींना तो कारभार आवडला, फायली झरझर हलल्या म्हणतात. मला तो पटला नाही. महासभेत गोंधळ होतो, आयत्या वेळच्या विषयांत काय काय घुसवलं जातं तेही खरं. पण प्रश्न विचारला गेला की त्याचं इतिवृत्त तरी राहतं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं की गल्लीचा असा नगरसेवक नसतो. नाशिकमध्ये 31 प्रभाग आणि 122 जागा आहेत. 29 प्रभागांत चार-चार आणि दोन प्रभागांत तीन-तीन. अ, ब, क, ड ही विभागणी जागांच्या आरक्षणापुरती आहे, भागांची नाही. चौघेही पूर्ण प्रभागाचे. आपसात त्यांनी वाटण्या केल्या तर तो त्यांचा घरगुती मामला. एकच पत्र चौघांच्या नावे काढा, पाचवी प्रत विभागीय अधिकाऱ्यांना द्या, आणि कोणाकोणाला दिलं त्यांची नावं पत्राच्या खाली लिहा. 'तो भाग माझ्याकडे नाही' हे उत्तर मग देता येत नाही.

कायद्यात मतदान केंद्रांच्या परिसरनिहाय क्षेत्रसभा (त्या भागातल्या मतदारांची सभा) घेण्याची तरतूद 2009 पासून आहे. ती कागदावरच राहिली आहे. नव्या सभागृहाकडे पहिली मागणी हीच करावी असं मला वाटतं.

प्रश्न : आम्ही घरपट्टी वेळेवर भरतो. तो पैसा सगळा कुंभमेळ्यालाच जाणार का? शिवाय शेजारच्या नव्या इमारतीत तेवढ्याच फ्लॅटला आमच्यापेक्षा खूप जास्त घरपट्टी आहे, हे कसं? (गंगापूर रोड)

मागून सुरुवात करतो. तुकाराम मुंढे आयुक्त असताना 1 एप्रिल 2018 पासून नव्या मिळकतींचं करयोग्य मूल्य (ज्यावर घरपट्टी आकारतात ते) वाढवण्यात आलं. त्यावरून महासभा आणि प्रशासन यांच्यात जुंपली ती नाशिककरांना आठवत असेल. त्यातून एकाच रस्त्यावर जुन्या-नव्या इमारतींच्या आकारणीत अंतर पडलं. तुमचं बिल कमी आहे म्हणून आनंद माना, पण शेजाऱ्यांपुढे त्याची वाच्यता करू नका. बिलावरचा शिक्षण कर आणि व्यावसायिक मिळकतींवरचा रोजगार हमी उपकर महापालिकेचे नसतात, ते गोळा करून राज्य सरकारकडे भरायचे असतात. कराचे दर पुढच्या वर्षासाठी 20 फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे, असं महापालिका अधिनियम सांगतो. दरवाढीला विरोध करायचा तर तो त्याआधी करायचा, एप्रिलमध्ये बिल हातात आल्यावर नाही.

आता कुंभमेळा. पहिली गोष्ट, महापालिकेच्या तिजोरीत घरपट्टी हा सर्वांत मोठा झरा नाही. जकात गेली, 2013 मध्ये एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, तोही गेला आणि 1 जुलै 2017 पासून जीएसटी लागू झाल्यावर राज्य सरकार महापालिकांना त्या बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई देतं. 2016-17 हे आधारवर्ष धरून दरवर्षी आठ टक्के चक्रवाढीने ही रक्कम वाढते. पगार, पेन्शन, वीजबिलं यांचा मोठा भार तिच्यावर आहे. हा हप्ता लांबला की राजीव गांधी भवनात, म्हणजे महापालिकेच्या मुख्यालयात, चेहरे उतरतात.

सिंहस्थाचं ध्वजारोहण 31 ऑक्टोबर 2026 ला आणि पहिलं अमृतस्नान 2 ऑगस्ट 2027 ला आहे. त्यासाठी 2025 मध्ये कायद्याने स्वतंत्र प्राधिकरण झालं. रस्ते, पूल, घाट, मलनिस्सारण केंद्रं यांचा मोठा खर्च शासनाच्या निधीतून होतो, आणि तो निधी तुमच्या गल्लीच्या गटाराकडे वळवता येत नाही. ज्या कामासाठी आला त्याच कामाला लावायचा असतो. त्यामुळे 'कुंभाचा पैसा आम्हाला द्या' ही मागणी अंदाजपत्रकाच्या भाषेत बसत नाही.

काळजी करायची ती 2027 नंतरची. बांधकाम अनुदानातून होतं, पण त्यानंतरची वीज, माणसं, रसायनं, दुरुस्ती या सगळ्याचं बिल महापालिकेच्या महसुली खर्चात येतं. तपोवनापासून टाकळीपर्यंतची मलनिस्सारण केंद्रं चालती ठेवणं हा दरवर्षीचा खर्च आहे, आणि गोदावरीत काय वाहतं ते त्यावरच ठरतं. महापालिकेच्या सिटीलिंक बससेवेचंही तसंच. जुलै 2021 मध्ये बस सुरू झाली, ठेकेदाराला किलोमीटरमागे पैसे द्यायचे आणि तिकिटाचे पैसे महापालिकेने घ्यायचे, असा करार. दोन्हींतली तूट महापालिका सोसते. बस असावीच, मी तिच्या बाजूचा आहे. पण प्रत्येक नव्या प्रकल्पाच्या भूमिपूजनाला एक प्रश्न विचारा : चालवायला दरवर्षी किती लागणार आणि ते कोणत्या हेडखाली धरलेत? तुमच्या घरपट्टीचा संबंध तिथे येतो.

प्रश्न : उद्यानातले दिवे बंद आहेत. अॅपवर तक्रार केली तर न दुरुस्त करताच 'निकाली' म्हणून बंद केली. संध्याकाळी आम्ही बायका तिथून जायला घाबरतो. आता कुठे जावं? (हिरावाडी, पंचवटी)

ताई, बंद केलेली तक्रार पुन्हा उघडा, दिव्याचा फोटो तारखेसह जोडा आणि खांबावर क्रमांक असेल तर तो टाका. खांबाचा क्रमांक नसेल तर वायरमनला 'सापडलं नाही' म्हणायला जागा मिळते.

तेवढ्याने भागलं नाही तर दोन दारं आहेत. महिन्याच्या पहिल्या सोमवारी आयुक्तांचा लोकशाही दिन असतो. त्याचा विहित नमुन्यातला अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. दुसरं दार बऱ्याच जणांना ठाऊक नाही. 26 नोव्हेंबर 2018 च्या शासन निर्णयानुसार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत नागरिकांना अभिलेख, म्हणजे फायली आणि कागदपत्रं, पाहता येतात. माहिती अधिकाराचा अर्ज करून तीस दिवस थांबायची गरज नाही. दिव्यांच्या देखभालीच्या ठेक्याची फाइल बघायला मागा. बंद दिवा किती दिवसांत सुरू करायचा आणि न केल्यास दंड काय, हे त्या करारात असतं. दंड आकारला का, एवढंच विचारून या. चारजणी मिळून गेलात तर उत्तम.

प्रश्न : नवा डांबरी रस्ता झाला आणि महिन्याभरात पाइपलाइनसाठी फोडला. हे थांबत का नाही? (इंदिरानगर)

कारण फोडणारा पैसे भरून परवानगी घेतो. रस्ता तोडफोड शुल्क महापालिकेकडे जमा होतं आणि पुन्हा डांबरीकरण कधी तर 'सवडीने'. यात आणखी एक तोटा आहे. ठेकेदारावर दोष दायित्व कालावधीत (काम झाल्यावर त्यातल्या दोषांची जबाबदारी त्याच्यावर असते त्या मुदतीत) स्वखर्चाने दुरुस्ती करण्याचं बंधन असतं. मध्ये दुसऱ्याने रस्ता फोडला की तो हात वर करतो. खोदाई दिसली की परवानगीची प्रत तिथेच मागा, त्यात लांबी आणि मुदत लिहिलेली असते. मंजूर लांबीपेक्षा जास्त चर खणलेला आढळला तर मग तक्रारीला वजन येतं.

प्रश्न : अंदाजपत्रकाचं पुस्तक मिळालं, पण आकड्यांत बुडालो. नेमकं काय बघू? (सिडको)

हजारो कोटींची बेरीज सोडून द्या, त्यात आरंभीची शिल्लक आणि येऊ घातलेली अनुदानं मिसळलेली असतात. एकाच हेडची ओळ आडवी वाचा : मागच्या वर्षी प्रत्यक्ष किती खर्च झाला, चालू वर्षाचा मूळ अंदाज किती, सुधारित किती आणि पुढच्या वर्षासाठी किती. मूळ अंदाज फुगलेला आणि प्रत्यक्ष खर्च वर्षानुवर्षं निम्म्याखाली असेल तर ते काम कुणाला करायचंच नाही असं समजा. महिला व बालकल्याण, दिव्यांग आणि मागास घटक यांच्यासाठी प्रत्येकी पाच टक्के राखून ठेवायचे असतात. त्या पानांवर ही तफावत हमखास डोळ्यांत भरते.

प्रश्न : सोसायटीच्या आतला रस्ता महापालिका का करत नाही? (मखमलाबाद रोड)

कुंपणाच्या आतला रस्ता खासगी असेल तर तिथे सार्वजनिक पैसा लावता येत नाही. मात्र मंजूर अभिन्यासातला (ले-आउटमधला) कॉलनी रस्ता किंवा मोकळी जागा असेल तर गोष्ट वेगळी. ती महापालिकेकडे हस्तांतरित झाली आहे का ते उताऱ्यावर बघा. अजून विकासकाचंच नाव असेल तर आधी नगररचना विभागात हस्तांतराचा पाठपुरावा करा, बांधकाम विभागाकडे त्यानंतर जा.