लावणीनंतरच्या तापात पांढऱ्या पेशी २,८०० आणि लिम्फोसाइट ५६ टक्के आले, तर रक्ताचा कर्करोग असू शकतो का?

आपण लिहिले आहे की कुडाळजवळच्या गावी असलेल्या आपल्या वडिलांना भातलावणी आटोपल्यापासून चार दिवस ताप आहे, सीबीसीच्या (रक्तपेशींच्या मोजणीच्या) रिपोर्टमध्ये न्यूट्रोफिल (लिम्फोसाइटप्रमाणेच पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) ३८ टक्के व प्लेटलेट ९८,००० आहेत, आणि लिम्फोसाइटपुढे छापलेले ‘एच’ (हाय, म्हणजे जास्त) पाहून घरात कर्करोगाची धास्ती बसली आहे. मी सिंधुदुर्गातच रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करतो. निदान करणे डॉक्टरांचे काम आहे, पण हे आकडे कसे वाचावेत एवढे मी सांगू शकतो.

टक्केवारी हा केवळ वाटा असतो, प्रत्यक्ष संख्या हिशेब करून काढावी लागते. २,८०० चे ५६ टक्के म्हणजे सुमारे १,५७० लिम्फोसाइट, आणि प्रौढ माणसात एवढ्या असणे अगदी स्वाभाविक आहे. न्यूट्रोफिल मात्र १,०६४ भरतात, त्या साधारण १,५०० च्या वर असायला हव्यात. म्हणजे आपल्या वडिलांच्या रक्तात वाढलेले काहीच नाही. एकूण पेशी ४,००० ते ११,००० या नेहमीच्या मर्यादेखाली गेल्या आहेत, न्यूट्रोफिल घटल्या आहेत आणि त्यामुळे लिम्फोसाइटचा वाटा फुगलेला दिसतो. यंत्र प्रत्येक टक्का छापील मर्यादेशी ताडून ‘एच’ उमटवते. बाहेर कोणता हंगाम चालू आहे हे त्याला ठाऊक नसते.

पावसाळ्यात असे चित्र बहुधा विषाणूजन्य तापाकडे बोट दाखवते. डेंग्यूत पांढऱ्या पेशी आधी उतरतात आणि प्लेटलेट त्यामागून. याउलट चिखलात उतरणाऱ्यांना ज्याची भीती असते त्या लेप्टोमध्ये (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्या-चिखलातून होणारा जिवाणूंचा ताप) पांढऱ्या पेशी बहुतेकदा पुरेशा किंवा वाढलेल्या असतात व न्यूट्रोफिलचा वाटा ८० टक्क्यांच्या आसपास किंवा वरही जातो. तथापि हा नियम नव्हे, कल आहे. पोटऱ्या दुखत असतील, डोळे लाल झाले असतील, लघवी कमी होत असेल किंवा कावीळ दिसत असेल, तर आकडा काहीही असो, वडील मळ्यात उतरले होते हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण लेप्टोचे औषध तपासणीच्या निकालासाठी थांबवून ठेवायचे नसते. दोडामार्ग, सावंतवाडीकडच्या माकडतापातही (गोचिडीतून पसरणारा विषाणूजन्य ताप) पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट दोन्ही घटतात, पण तो मुख्यतः थंडी-उन्हाळ्यातला आजार आहे. डेंग्यूची एनएस-१ तपासणी पहिल्या पाचेक दिवसांत अधिक विश्वासार्ह असते, म्हणून ती आजच करून घ्यावी.

कर्करोगाच्या शंकेचे उत्तर आकड्यात नसून काचपट्टीवर आहे. रक्ताच्या कर्करोगात पेशी नेहमी लाखावारी वाढतात असा समज आहे, परंतु काही रुग्णांत त्या कमीच आढळतात. म्हणून केवळ २,८०० या आकड्यावरून होय किंवा नाही म्हणता येत नाही. तालुक्याच्या ठिकाणची अनेक यंत्रे पांढऱ्या पेशींचे तीनच गट पाडतात आणि इओसिनोफिल, मोनोसाइट, बेसोफिल यांना एकाच ‘मिड’ रकान्यात टाकतात, त्यामुळे पेशी दिसते कशी हे त्यांच्या आकड्यांतून कळत नाही. लिशमन रंगाने रंगवलेला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की डेंग्यूतल्या चेतलेल्या लिम्फोसाइट ओळखू येतात: आकाराने मोठ्या, कडेला गडद निळ्या, शेजारच्या तांबड्या पेशींना बिलगून वाकलेल्या. अपक्व कर्कपेशी निराळ्या दिसतात, त्यांचे केंद्रक जवळजवळ सगळी पेशी व्यापते आणि त्याची वीण बारीक असते. नवख्या नजरेला दोन्ही सारख्या वाटू शकतात, म्हणून स्मिअर (काचपट्टीवर पसरलेला रक्ताचा थेंब) पॅथॉलॉजिस्टने स्वतः पाहावा असे चिठ्ठीवर लिहून घ्या.

ताप उतरला म्हणजे धोका टळला असे डेंग्यूत मानू नये. पोटात जोराची कळ, वारंवार उलटी, हिरड्यांतून रक्त किंवा कमालीची बेचैनी दिसली तर तत्काळ दवाखाना गाठावा. आयबुप्रोफेन आणि अॅस्पिरिन देऊ नका. न्यूट्रोफिल ५०० च्या खाली गेल्या तर जंतुसंसर्गाचा धोका फार वाढतो, तसे आपल्याकडे आज नाही.

ताप गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी सीबीसी पुन्हा करावी. बहुतेकांच्या पेशी तोवर पूर्वपदावर येतात. तेव्हाही त्या कमीच राहिल्या, हिमोग्लोबिन घसरू लागले किंवा गाठी व प्लीहा वाढलेली आढळली, तर मग रक्तविकारतज्ज्ञाकडे जाण्याचा आणि अस्थिमज्जा तपासण्याचा विचार डॉक्टर करतील, आणि त्यासाठी आपल्या भागातून बहुतेकांना गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी रुग्णालयातच जावे लागते.