शिकागोत पहिलाच बेसबॉल सामना बघायला जातोय. स्कोअरकार्ड स्वतः भरता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलीकडे शिकागोला जाताय, कब्ज संघाच्या रिग्ली फील्ड मैदानाची दोन तिकिटं काढली आहेत, क्लब क्रिकेटचं स्कोअरबुक भरायची जुनी सवय आहे, पण बेसबॉलचा गंध नाही. तर तिथे बसून कार्ड भरणं जमेल का, आणि आठवण म्हणून ते ठेवण्यासारखं असतं का?

जमेल. ही पद्धत मुळात क्रिकेटच्याच घरातून आलेली आहे. हेन्री चॅडविक हा इंग्लंडमधल्या एक्सिटरचा, जन्म १८२४. अमेरिकेत तो क्रिकेटच्या बातम्या लिहायचा आणि बेसबॉलचा बॉक्स स्कोअर (सामन्याच्या आकड्यांचा तक्ता) त्याने क्रिकेटच्या धावफलकावरूनच बेतला. स्ट्राइकआउटसाठी (चांगले चेंडू हुकवून किंवा सोडून तीन स्ट्राइकवर बॅटर बाद होणं) 'के' हे अक्षरही त्याचंच. 'एस' दुसऱ्या नोंदीत गुंतलं होतं, म्हणून त्याने 'स्ट्रक' शब्दातलं शेवटचं अक्षर उचललं. आठवणीचं म्हणाल, तर तिकीट आता फोनवर येतं, जपून ठेवायला अर्धुकही हाती राहत नाही. भरलेलं कार्ड राहतं.

आधी जागेचं बघा. रिग्ली १९१४ सालचं मैदान आहे, त्यामुळे दोनशे क्रमांकाच्या विभागांत लोखंडी खांब आडवे येतात. शिवाय तिथल्या मागच्या रांगांत वरच्या मजल्याचं छत इतकं खाली असतं की उंच उडालेला चेंडू मधेच दिसेनासा होतो. कार्ड भरायचं असेल तर वरच्या मजल्यावर, होम प्लेटच्या मागे बसावं (होम प्लेट म्हणजे बॅटर उभा राहतो ती जागा; तिथून तीन बेसना वळसा घालून परत आलं की एक धाव). तिथून नऊही क्षेत्ररक्षक एका नजरेत येतात. दुपारच्या सामन्याला तिसऱ्या बेसच्या बाजूला सावली आधी येते, ब्लीचर्समध्ये (बाहेरच्या भिंतीमागच्या उघड्या बाकांवर) ऊन डोक्यावर. मैदानात जायला रेड लाइनचं ॲडिसन स्टेशन, उतरलं की समोरच. खोडरबर असलेल्या दोन पेन्सिली न्या, पेन नको. कार्ड आत विकत मिळतं, तरी नमुना घरूनच छापून नेलेला बरा, म्हणजे आदल्या रात्री चौकटी ओळखीच्या होतात.

आता क्षेत्ररक्षकांचे आकडे. पिचर (चेंडू टाकणारा) १, कॅचर (बॅटरच्या मागचा, यष्टीरक्षकासारखा) २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप ६, मग बाहेरचे तिघे: डावा ७, मधला ८, उजवा ९. घोळ होतो तो ५ आणि ६ मध्ये. शॉर्टस्टॉप दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा असतो, म्हणून नवखा माणूस त्याला ५ देतो. आणि आकडा माणसाला असतो, जागेला नाही. शॉर्टस्टॉप सरकून दुसऱ्या बेसला खेटून उभा राहिला तरी तो ६ च. जर्सीवरच्या नंबराशी याचा काही संबंध नाही. २०२२ पासून दोन्ही लीगमध्ये पिचर सहसा बॅटिंगला येतच नाही, त्याच्या जागी डीएच (डेझिग्नेटेड हिटर, फक्त बॅटिंग करणारा) येतो. डीएच फिल्डिंग करत नाही, म्हणून त्याला आकडा नाही. पिचरांची नावं खाली वेगळ्या रकान्यात.

प्रत्येक संघाला एक पान. आडव्या नऊ ओळी म्हणजे बॅटिंगचा क्रम, उभे रकाने म्हणजे इनिंग, आणि प्रत्येक चौकटीत छोटा चौकोन: खालचा कोपरा होम प्लेट, तिथून उजवीकडून वर, मग डावीकडे. पाहुणा संघ नेहमी आधी बॅटिंग करतो.

एक अर्धी इनिंग, म्हणजे एका संघाची तीन बाद होईपर्यंतची पाळी, भरून दाखवतो. पहिल्याने जमिनीवरून मारलेला चेंडू शॉर्टस्टॉपने उचलून पहिल्या बेसला फेकला, बाद. चौकटीत '६-३' आणि वर्तुळात १, म्हणजे पहिला बाद. दुसऱ्याला चार बॉल (मारण्याच्या टप्प्याबाहेरचे, न खेळलेले चेंडू) मिळाले, तो चालत पहिल्या बेसवर गेला: 'बीबी', आणि होमपासून पहिल्या बेसपर्यंत रेघ. तिसऱ्याने डावीकडे सिंगल (एका बेसचा फटका) मारली. त्याच्या चौकटीत पहिल्या बेसपर्यंत रेघ, आणि दुसऱ्याच्या चौकटीत जाऊन त्याची रेघ तिसऱ्या बेसपर्यंत वाढवायची, बाजूला बारीक ३, कारण तिसऱ्याच्या फटक्यावर तो पुढे गेला. चौथ्याने मधे खोल उंच मारला, कॅच झाला, पण तिसऱ्या बेसवरचा धावत घरी पोचला: 'एसएफ-८' (सॅक्रिफाइस फ्लाय, म्हणजे झेल देऊन काढून दिलेली धाव), वर्तुळात २, आणि धाव काढणाऱ्याचा चौकोन पेन्सिलीने पूर्ण काळा. पाचवा बॅट न हलवताच तिसऱ्या स्ट्राइकवर गेला: उलटा 'के', आरशात दिसतो तसा, वर्तुळात ३. बॅट फिरवून चुकला असता तर सरळ 'के'. चौकटीच्या कोपऱ्यात तिरकी रेघ, इनिंग संपली.

आता ताळा. तुम्ही फलंदाजांच्या धावा अधिक अवांतर आणि बोलर्सची बेरीज जुळवत असाल, तसंच हे: आलेले बॅटर = बाद + धावा + बेसवर अडकलेले. वरच्या इनिंगमध्ये ५ = ३ + १ + १. दर अर्ध्या इनिंगनंतर दहा सेकंदांत हा ताळा करा. तीन इनिंगनंतर चूक शोधायला बसलात तर सापडत नाही.

ताळा चुकतो तो बहुतेक वेळा डबल प्लेमध्ये, म्हणजे एकाच चेंडूवर दोघे बाद झाले की. '६-४-३' असं बॅटरच्या चौकटीत लिहून लोक खूश होतात आणि पहिल्या बेसवरून निघालेला आधी बाद झाला हे त्याच्या चौकटीत लिहायचं विसरतात. तिथे '६-४' आणि आधीचा बाद क्रमांक, बॅटरला त्यापुढचा.

क्रिकेटवाल्याची दुसरी सवयीची चूक म्हणजे बॅटर पहिल्या बेसवर पोचला की त्याच्या नावावर हिट (स्वतःच्या फटक्यावर कमावलेला बेस) लावून टाकणं. शॉर्टस्टॉपच्या हातून साधा चेंडू निसटला असेल तर 'ई-६' (ई म्हणजे एरर, चूक). क्षेत्ररक्षकाने बॅटरला सोडून पुढच्या धावणाऱ्याला बाद करायचं ठरवलं तर 'एफसी' (फील्डर्स चॉइस). दोन्ही हिट नव्हेत. अधिकृत स्कोअरर कधीकधी निर्णय नंतर बदलतो, खोडरबर त्यासाठीच.

आणखी एक चमत्कारिक प्रकार: तिसरा स्ट्राइक कॅचरच्या हातून सुटला आणि पहिला बेस रिकामा असेल, किंवा आधीच दोन बाद झालेले असतील, तर बॅटर पळू शकतो. तो पोचला तरी चौकटीत 'के' राहतोच, रेघही ओढायची. म्हणून एका इनिंगमध्ये एका पिचरच्या नावावर चार स्ट्राइकआउट लागू शकतात.

प्रत्येक बॉल-स्ट्राइक टिपायच्या फंदात पहिल्या दिवशी पडू नका. २०२३ पासून पिचरवर घड्याळ आहे, बेस रिकामे असतील तर १५ सेकंद. मान खाली घालून टिंबं काढत बसलात तर पुढचा फटका जातो. चेंडू थांबला की आधी बेसवर कोण कुठे आहे ते बघा, मग लिहा.

बदली खेळाडू आला तर त्याच ओळीत नाव खाली लिहून चौकटीच्या डाव्या कडेला उभी रेघ. बाहेर गेलेला परत येत नाही. पिचर बदलला तर शेवटच्या बॅटरच्या चौकटीखाली आडवी रेघ. बेसवर उरलेल्यांच्या धावा जुन्या पिचरच्या खात्यात जातात. एकाच इनिंगमध्ये नऊच्या वर बॅटर आले तर पुढचा रकाना वापरायचा आणि वरचे इनिंगचे आकडे खोडून सुधारायचे. रिग्लीवर ही वेळ येते, कारण मिशिगन सरोवराच्या बाजूचा वारा. तो आत येत असेल तर चांगले फटके झेल होऊन पडतात, बाहेर वाहत असेल तर धावांचा पूर. १७ मे १९७९ ला फिलाडेल्फियाच्या फिलीज संघाने कब्जना इथे दहा इनिंगमध्ये २३-२२ ने हरवलं. त्या दिवशी कार्ड भरणाऱ्यांचे काय हाल झाले असतील! बरोबरी होऊन जादा इनिंग लागली तर नेहमीच्या मोसमात आता दुसऱ्या बेसवर एक धावणारा आयता ठेवतात. ताळ्यासाठी तो आलेल्या बॅटरमध्ये मोजायचा, नाहीतर ताळा एकाने चुकतो. माझ्या मते हा नियम भिकार आहे, पण लिहावा लागतोच.

रिग्लीची म्हणून एक नोंद फक्त तिथेच होते. भिंतीवर १९३७ साली लावलेली आयव्हीची वेल आहे. एप्रिलमध्ये नुसत्या काड्या, मेनंतर हिरवीगार. चेंडू तिच्यात अडकला आणि फिल्डरने दोन्ही हात वर केले तर डबल (दोन बेस) मिळते. तो हात घालून शोधायला लागला तर खेळ चालू. तसं झालं तर बाजूला 'वेल' असं लिहून ठेवा. त्याच साली बांधलेला मधला धावफलक आजही आतली माणसं हाताने पाट्या बदलून चालवतात. इतर शहरांतले सामनेही त्यावर दिसतात.

सातव्या इनिंगच्या मधोमध बेरजा करायला बसू नका. सगळं मैदान उभं राहून १९०८ सालचं बेसबॉलचं गाणं म्हणतं. समालोचक हॅरी कॅरे १९८२ पासून ते इथे खिडकीतून वाकून म्हणवून घ्यायचा. १९९८ मध्ये तो गेल्यापासून पाहुणे म्हणतात.

फाउल बॉल (रेषेबाहेर गेलेला फटका) हाती आला तर तुमचा, वानखेडेसारखा परत फेकायचा नाही. मात्र ब्लीचर्समध्ये पाहुण्या संघाचा होम रन (षटकारासारखा, भिंतीपलीकडे गेलेला फटका) झेललात तर आजूबाजूचे तो परत फेकायला ओरडून ओरडून लावतील.

कार्डाच्या वरच्या कोपऱ्यात तारीख, आसन क्रमांक, वाऱ्याची दिशा आणि सुरुवातीची वेळ आधीच लिहा. सामना संपल्यावर लगेच उठू नका. धावफलकावर झेंडा चढतो: पांढऱ्यावर निळा 'डब्ल्यू' म्हणजे कब्ज जिंकले, निळ्यावर पांढरा 'एल' म्हणजे हरले. तो बघून खाली संपल्याची वेळ लिहा. घरी आल्यावर कार्ड प्लॅस्टिकच्या पाकिटात सरकवा, घडी घालू नका. घडीवर पेन्सिल पुसते आणि नेमकी पाचवी-सहावी इनिंग जाते.