बिबट्या पाकट की चित्ता पाकट?

प्रश्न असा आला आहे : इंग्रजीत ‘लेपर्ड व्हिपरे’ आणि ‘हनीकोंब व्हिपरे’ अशी दोन चपट्या, ठिपकेदार माशांची नावं आहेत, मराठीत दोन्हींना ‘चित्ता किरणमासा’ म्हटलं तर चालेल का?

माझ्या मते दोन्ही शब्द सोडावेत. आधी ‘किरण’. माशाचं ‘रे’ हे नाव लॅटिन ‘राइया’वरून आलं, उजेडाचा ‘रे’ ‘रादिउस’वरून. इंग्रजीत दोन्हींचं स्पेलिंग एक झालं, एवढाच त्यांचा संबंध. शिवाय आपल्याकडे नाव आहेच. मुंबईच्या कोळीवाड्यांत पाकट म्हणतात, मालवणकडे वागळी.

आता चित्ता. लेपर्ड व्हिपरे म्हणजे हिमांतुरा लेओपार्डा. या जातीचं वर्णन मांजाजी-मात्सुमोतो आणि लास्ट या संशोधकांनी 2008 साली केलं. मोठ्या माशाच्या पाठीवर बिबट्यासारखी पोकळ, तुटक कडी असतात. चित्त्याच्या अंगावर ठिपके भरीव असतात, म्हणून ‘चित्ता’ म्हटलं की नेमकी ओळखीची खूणच चुकते. ‘बिबट्या पाकट’ चपखल बसतं.

दुसरा, हनीकोंब व्हिपरे, म्हणजे हिमांतुरा उआर्नाक. याच्या पाठीवर गडद ठिपक्यांची इतकी दाटी होते की मोठ्या माशात मधल्या फिक्या रंगाची जाळीच उरल्यासारखी दिसते. त्याला ‘जाळीदार पाकट’ म्हणावं. मात्र केवळ ठिपक्यांवर विसंबू नये : बिबट्या पाकटाच्या पिल्लांचे ठिपकेही भरीवच असतात, कडी वयाबरोबर येतात. दोघांची शेपटी चाबकासारखी लांब, तिच्यावर विषारी काटा. तिथे फरक शोधण्यात अर्थ नाही.

इंग्रजी नावं शब्दशः उचलण्यात आणखी एक धोका आहे. हिमांतुरा उंडुलाटा या तिसऱ्या जातीलाही ‘लेपर्ड’ आणि ‘हनीकोंब’ ही दोन्ही नावं लावलेली आढळतात! म्हणून लेखात मराठी नावासोबत शास्त्रीय नाव एकदा द्यावंच.

आणि ‘पाकट’ हा शब्द शास्त्रीय लेखनाला फार घरगुती वाटतो, असं कुणी म्हणालं तर ‘उआर्नाक’कडे बोट दाखवावं. फोर्सकोल हा निसर्गअभ्यासक तांबड्या समुद्राकाठचे मासे टिपत होता. 1763 साली तो येमेनमध्ये वारला आणि त्याची टिपणं 1775 साली छापली गेली. ‘उआर्नाक’ हे त्याने तिथल्या अरबी बोलीतलं नावच जसंच्या तसं घेतलं होतं.