पहिला पीसी जोडताय? प्रोसेसरच्या नावाचं शेवटचं अक्षर आधी वाचा

एएमडीचा रायझन ५ ५६००, ५६००एक्स की ५६००जी, यातला कोणता प्रोसेसर घ्यावा यात तू अडकलायस, ते साहजिक आहे. तिन्हींत सहा कोअर (काम करणारे भाग), बारा थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं). पहिले दोन जवळजवळ सारखेच, कमाल वेग ४.४ आणि ४.६ गिगाहर्ट्झ. एवढ्याशा फरकासाठी जास्त पैसे मोजू नकोस, ते एसएसडीत (फाइली साठवणाऱ्या वेगवान ड्राइव्हमध्ये) घाल.

‘जी’ मात्र खरंच वेगळा. ग्राफिक्स आतच आहे, पण एल३ कॅश (प्रोसेसरमधली झटपट मेमरी) ३२ऐवजी १६ एमबी आणि पीसीआयई (ग्राफिक्स कार्ड, एसएसडी जोडायचा मार्ग) ४.० ऐवजी जुना ३.०. ग्राफिक्स कार्ड सध्या घेणार नसशील, तरच तो घे.

नवखे हमखास इथे चुकतात:
- इंटेलचा, नावाशेवटी ‘एफ’ असलेला प्रोसेसर स्वस्त म्हणून उचलतात. त्यात ग्राफिक्स नसतं, कार्डाशिवाय स्क्रीन काळीच राहते.
- ओव्हरक्लॉकिंग (प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं) करायचं नसताना त्यासाठीचा इंटेलचा ‘के’ घेतात.
- मदरबोर्डचं सॉकेट (प्रोसेसर बसतो ती खाच) प्रोसेसरशी जुळतं का, ते बघत नाहीत.

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जाण्याआधी पूर्ण नाव कागदावर लिही, शेवटच्या अक्षरासकट. दोन-तीन दुकानांत भाव विचार. बिलावर आणि खोक्यावर तेच नाव आहे ना, हे तिथेच उभं राहून बघ. बाकीचं नंतर बोलू, आधी मशीन सुरू होऊ दे.