वाचकांचे प्रश्न : प्रायमर बघून दाब कळतो का?

प्रश्न : मी ९ मिमीची काडतुसे स्वतः भरतो. पावडर, तिचे वजन, गोळी सगळे तेच ठेवून फक्त प्रायमरची (काडतुसाच्या बुडातली, पिस्तुलाच्या पिनच्या फटक्याने पेटणारी छोटी टोपी) कंपनी बदलली, तर झाडलेल्या पुंगळ्यांवरचे (काडतुसाची पितळी कवचे) प्रायमर आधीपेक्षा चपटे दिसू लागले. दाब वाढला असे समजायचे का?

उत्तर : नुसत्या चपटेपणावरून तसे म्हणता येत नाही. प्रायमरच्या कपचा, म्हणजे बाहेरच्या धातूच्या वाटीचा, पत्रा सगळ्या कंपन्यांचा सारखा नसतो. फेडरलचा कप मऊ आणि सीसीआयचा कडक, हे भरणाऱ्यांच्या रोजच्या अनुभवातले. मऊ कप त्याच दाबाला जास्त चपटा होतो. पण प्रायमर बदलला की ज्वालेचा जोर बदलतो आणि दाबही थोडा इकडेतिकडे होतो. म्हणून कोणताही एक घटक बदलला, तर पावडर दहा टक्के उतरवायची आणि ०.१ ते ०.२ ग्रेनच्या (पावडर तोलायचे बारीक वजन) पायऱ्यांनी पुन्हा वर यायचे. तुमचा भार (पावडरचे वजन) ५ ग्रेनचा असेल तर ४.५ पासून सुरुवात करा.

तुलना करायचीच असेल तर पिस्तूल तेच आणि प्रायमरचा लॉटही तोच हवा. मऊ कपावरची खूण कडक कपावरच्या खुणेशी ताडून बघण्यात अर्थ नाही. दहापट भिंगाखाली प्रायमरची कडा बघा. नव्या प्रायमरची कडा गोलसर असते, त्यामुळे ती आणि पॉकेटची (पुंगळीच्या बुडातली प्रायमर बसायची जागा) भिंत यांच्यामध्ये बारीक वर्तुळाकार चर दिसते. सर्वसाधारण दाबाला ही चर अरुंद होते, पण उरते. नख फिरवले तर अडकते. चर पूर्ण बुजली आणि धातू पॉकेटच्या काठापर्यंत पसरला, तर तो खरा सपाट प्रायमर.

तोही दर वेळी जास्त दाबामुळेच होतो असे नाही. पिन आपटली की पुंगळी चेंबरमध्ये (नळीच्या मागचा, काडतूस बसते तो भाग) पुढे ढकलली जाते. प्रायमर पेटला की तो स्वतः मागे सरकून ब्रीच फेसला (पुंगळीच्या बुडामागचा पिस्तुलाचा सपाट भाग) टेकतो. मग दाब चढतो, पुंगळीचे बूड मागे येते आणि प्रायमरला पुन्हा पॉकेटमध्ये दाबते. बाहेर आलेला भाग तेवढ्या वेळात फुगलेला असला, तर आत जाताना तो चेपला जातो. पुंगळी आखूड किंवा चेंबर सैल असेल तर मागे यायला जागा जास्त मिळते, आणि माफक भारालाही प्रायमर सपाट होतो. ९ मिमीची पुंगळी चेंबरमध्ये तोंडावर टेकते. तिची कमाल लांबी १९.१५ मिमी, बऱ्याच वापरलेल्या पुंगळ्या त्याहून आखूड भरतात. आधी कॅलिपर लावा, मग भाराला दोष द्या.

प्रश्न : पिनच्या खड्ड्याभोवती धातूची उंच कडा येते, आणि खड्ड्यातून एका बाजूला ओरखडा गेलेला दिसतो.

उत्तर : त्याच पिस्तुलातून कारखान्यात भरलेले नेहमीच्या दाबाचे काडतूस झाडून बघा. तिथेही तशीच कडा आली तर कारण पिस्तुलात आहे : पिन ज्यातून पुढे येते ते भोक मोठे किंवा पिनची स्प्रिंग दमलेली. ग्लॉकचे भोक आयताकृती असल्याने त्याची खूण जवळपास प्रत्येक पुंगळीवर उमटते. बाजूचा ओरखडा म्हणजे पिन पूर्ण मागे जायच्या आत नळी खाली झुकली. तिरप्या झुकणाऱ्या नळीच्या पिस्तुलात हे नेहमीचेच; त्यावरून दाब मोजू नका.

प्रश्न : मॅन्युअलमधल्या (काडतुसे भरण्याचे मार्गदर्शक पुस्तक) कमाल भाराला पोचलो तरी प्रायमर अगदी गोल, स्वच्छ आहेत. थोडे वर जायला हरकत आहे का?

उत्तर : आहे, आणि ठामपणे आहे. चपटा प्रायमर बघायची सवय रायफलवाल्यांकडून आलेली आहे. रायफलच्या .३०८ विंचेस्टरची सामी-मान्य (काडतुसांची मानके ठरवणारी अमेरिकी संस्था) कमाल ६२,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच). पिस्तूल-रिव्हॉल्व्हरच्या .३८ स्पेशलची १७,०००, .४५ एसीपीची २१,०००, ९ मिमी आणि .३५७ मॅग्नमची ३५,०००. आता .३८ आणि .३५७ दोन्हींत एकाच मापाचा स्मॉल पिस्टल प्रायमर बसतो. ३५,००० ला निमूट राहणारा कप तुमच्या .३८ मध्ये मर्यादेच्या दुप्पट दाब झाला तरी काही सांगणार नाही. हलक्या फ्रेमच्या जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये याचा अर्थ काय, हे वेगळे सांगायला नको. पिस्तुलात प्रायमर बोलेल तेव्हा मर्यादा बहुधा मागेच पडलेली असते. तो गोल आहे म्हणून भार सुरक्षित, असे उलटे अनुमान काढूच नये.

त्याऐवजी क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारे यंत्र) लावा. मॅन्युअलमधल्या चाचणी-नळीची लांबी आणि तुमच्या नळीची लांबी ध्यानात घेऊन वेग ताडा. कमाल भाराचा वेग तुम्हाला कमी पावडरमध्येच मिळत असेल तर दाबही तिथे पोचला आहे, तिथेच थांबा. वजनकाटा दर बैठकीला प्रमाणित वजनांनी तपासा.

९ मिमीत आणखी एक गोष्ट प्रायमरहून कितीतरी महत्त्वाची : गोळी आत ढकलली जाणे. पुंगळीत मोकळी जागा मुळात इतकी कमी, की गोळी अर्धा मिलिमीटर खचली तरी दाब एकदम चढतो. पावडर आणि प्रायमर नसलेले डमी काडतूस बनवा, एकूण लांबी मोजा, मॅगझिनमधून स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागे-पुढे सरकणारा भाग) सोडून चार-पाचदा चेंबरमध्ये घाला आणि पुन्हा मोजा. लांबी घटली तर तोंडाची पकड ढिली आहे. क्रिम्प (पुंगळीचे तोंड गोळीवर आवळणे) वाढवून ती सुधारत नाही. जास्त आवळला तर गोळी दबते, पितळ मात्र परत फाकते आणि पकड आणखी जाते. एक्सपँडरचा (गोळी बसवण्याआधी पुंगळीचे तोंड रुंद करणारा भाग) व्यास तपासा, पातळ भिंतीच्या पुंगळ्या वेगळ्या काढा.

झटपट जळणारी पावडर वापरत असाल तर दुहेरी भार पुंगळीत सहज मावतो. गोळी ठेवण्याआधी प्रत्येक पुंगळीत उजेडात डोकावायचेच.

प्रश्न : रिव्हॉल्व्हरच्या हलक्या भारात प्रायमर बुडाच्या वर आलेले दिसतात. दाब जास्त झाला का?

उत्तर : बहुतेक उलटेच. दाब इतका कमी, की बूड मागे येऊन प्रायमरला आत दाबू शकले नाही. पुंगळीच्या बाहेरून काजळी आली असेल तर शंका उरत नाही. भरताना प्रायमर बुडाच्या ०.०५ ते ०.२ मिमी खाली बसवला होता ना, तेवढे बघा. कमाल भाराजवळही तो वर येत असेल तर मात्र सिलिंडरची मागची फट गनस्मिथकडून मोजून घ्या.

प्रायमर सैल होऊन गळून पडणे ही वेगळी बाब. नवा प्रायमर बोटाच्या दाबाने विनासायास आत जात असेल तर पॉकेट फाकले आहे. ती पुंगळी चपटी करून टाका. पहिल्या-दुसऱ्या भरणातच असे झाले तर उरलेली सगळी काडतुसे गोळी-खेचकाने सोडवा.

प्रश्न : एका प्रायमरला खड्ड्याच्या मध्यभागी सुईएवढे भोक पडले आहे.

उत्तर : झाडणे थांबवा. पिनचे टोक टोकदार झाले आहे, पिन जास्त पुढे येते आहे किंवा दाब जास्त आहे. त्या भोकातून मागे आलेला वायू पिनचे टोक कुरतडतो. खडबडीत टोक पुढचाही प्रायमर भोसकते. पिन काढून टोक भिंगाखाली बघा. खड्डे दिसले तर पिन बदला. घासून वापरू नका. प्रायमरची चकतीच उडालेली असेल तर ती पिनच्या मार्गात अडकलेली असू शकते. स्लाइड पूर्ण उघडून मार्ग साफ करा. पिन पुढे अडकून राहिली तर पुढचे काडतूस स्लाइड बंद होतानाच उडू शकते.